कणगीतल्या सासूबाई

“कणगी उघड्यावर विणतात, पोरी. घरात विणलेली कणगी आणि घरात वाढवलेला बैल, दोन्ही दारातून बाहेर पडत नाहीत,” असं शेजारचे न्ताते मोहापी, म्हणजे मोहापीबाबा, मला दगडी कुंपणावरून म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या हातात ज्वारीच्या आंबिलीचा वाडगा ठेवला आणि विषय बदलला. माझा त्यांच्याशी काही दावा नव्हता. पण खांद्यावरची घोंगडी सावरत न्ताते मोहापी दिवसाला इतके इशारे देतात, की ते सगळे मनावर घेणाऱ्या माणसाने सकाळी अंथरुणातून उठूच नये. आणि अंथरुणात लोळत पडणाऱ्यांचं पुढे काय होतं, याबद्दलही त्यांच्याकडे एक इशारा आहेच.

शिवाय बाहेर विणायची सोय कुठे होती? एप्रिल सरत आला होता, म्हणजे आमच्याकडे थंडी दाराशी येऊन ठेपली होती. ओढ्याकाठचे पॉपलर पिवळेधमक झाले होते आणि मालुटीच्या शिखरांवरून असा वारा सुटला होता, की आमच्या अंगणात वाळत घातलेले पीच संध्याकाळी दुसऱ्याच्या अंगणात गोळा करावे लागत. (दुसरं अंगण नेहमी न्ताते मोहापींचंच असे आणि पीच नेहमी थोडे कमी भरत. असो.) त्यात माझ्या दीड वर्षाच्या लेकाला, त्सेबोला, खोकला झालेला. खोकला तसा किरकोळ होता. आरोग्य केंद्रातली नर्स तर “हा खोकतोय की हसतोय?” असं विचारून मोकळी झाली होती. पण आईच्या कानाला फरक कळतो. सासूबाई अंगणात विणायला बसणार, म्हणजे त्सेबो अंगणात. आणि त्सेबो अंगणात, म्हणजे वारा थेट त्याच्या छातीत. त्यापेक्षा कणगीच आत नेली तर? मला वाटतं, राजधानीत राहून समाजशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला सुचावा तसाच हा विचार होता.

सासूबाईंचं नाव म्मे मालेबोना. म्मे हे वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणतात, आणि मालेबोना म्हणजे लेबोनाची आई. लेबोना माझा नवरा. तो सीमेपलीकडच्या खाणीत असतो आणि महत्त्वाच्या सगळ्या प्रसंगी तिथेच असतो. आमच्याकडे बाईला मुलाच्या नावाने ओळखतात, तेव्हा मी मात्सेबो. त्सेबो या शब्दाचा अर्थ ज्ञान. मी ज्ञानाची आई. मुलाचं नाव सासूबाईंनीच ठेवलं, आणि मक्याचं पीठ शिजवताना माझ्या हातून तळाला लागलं, की त्या माझं नाव अगदी सावकाश, पूर्ण उच्चारतात.

त्या वर्षी सुगीनंतरची सगळी कामं अंगावर एकदम आली होती. गोठ्यातल्या शेणाचे थर कापून गोवऱ्या रचायच्या होत्या, भिंती नव्याने सारवून त्यांच्यावर बोटांनी नक्षी काढायची होती, कणसं खळ्यावर येऊन पडली होती. जुनी कणगी उंदरांनी खालून पोखरली होती. मी म्हटलं, “पत्र्याची टाकी आणू या.” सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्सेबोचं नाक पुसायला निघून गेले.

आमच्या कणग्या गवताच्या. गवताची मनगटाएवढी जाड वळी गोल गोल फिरवत दाभणाने शिवत जायची. विणणारी आत उभी असते. कणगी वाढते तशी ती आत बुडत जाते. आधी गुडघे दिसेनासे होतात, मग कंबर, मग खांदे. शेवटी वरचा गळा आवळत आणायचा आणि तोंडातून दोघांनी हात देऊन बाईला बाहेर ओढायचं. सासूबाईंचं हे कसब साऱ्या खोऱ्यात माहीत होतं, आणि ते सर्वांत जास्त सासूबाईंनाच माहीत होतं.

आमच्या गोल घराच्या मधोमध गवती छपराचा खांब, त्याच्या पलीकडे चूल. म्हणून खांब आणि भिंत यांच्यामधली जागा त्यांनी निवडली. काही दिवस ते दृश्य मोठं लोभस होतं. सासूबाई आत गाणं म्हणत शिवताहेत, त्सेबो बाहेरून गवतावर थापा मारतोय, आतून थापेला उत्तर येतंय, खोकला पळालाय. मी स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन बाहेर भिंती सारवत होते. रोज दुपारी स्टुलावरून आणि आतल्या उलट्या बादलीवरून त्या बाहेर येत, जेवत, पुन्हा आत जात.

“म्मे, पुरे आता,” मी एकदा म्हटलं. “यंदा ज्वारी काही एवढी नाही.”

“ज्वारी वाढली नाही, म्हणून कणगीने वाढू नये का?”

या प्रश्नाला समाजशास्त्रात उत्तर नाही.

ज्या दुपारी “झालं!” अशी आरोळी आतून आली, त्या दुपारी मी हात धुऊन, स्टुलावर चढून, त्यांना बाहेर काढायला दोन्ही हात पुढे केले, आणि ते हात वाशांना लागले. गळा आवळण्याच्या नादात सासूबाईंनी कणगी थेट उतरत्या छपराखाली नेऊन भिडवली होती. तोंड आणि वासे यांच्यामध्ये वाडगा आत जाईल एवढी फट होती. सासूबाई बाहेर येतील एवढी नव्हती.

“कणगी जरा सरकवते, म्मे,” मी म्हटलं आणि खांदा लावला. कणगी हलली नाही. तिचं पोट एका बाजूने भिंतीला आणि दुसऱ्या बाजूने खांबाला असं टेकलं होतं, की जणू घर तिच्याभोवती बांधलंय. ती तिरपी होईना, फिरेना. मी मुकाट्याने खाली उतरले आणि चुलीजवळची सुरी घेतली.

“मात्सेबो,” आतून सावकाश आवाज आला. “हातात काय आहे?”

गवत इतकं घट्ट विणलेलं, की आतून उजेडाचा ठिपकाही दिसत नसणार. पण सुनेच्या हातातली सुरी सासूला वासाने कळते.

“काही नाही, म्मे. खालच्या अंगाने जरासं, तुमच्यापुरतं…”

“मला काप. कणगीला हात लावलास, तर तुझी पेटी माहेरी पोचवीन. स्वतः उचलून पोचवीन.”

“पण त्यासाठी तुम्हाला बाहेर यावं लागेल, म्मे.”

आत बादली सरकवून बसल्याचा आवाज आला. मग आंबिलीची मागणी आली.

बातमी पसरायला आमच्या गावात फार वेळ लागत नाही. न्ताते मोहापी आधी आले. त्यांनी दारात उभं राहून, घोंगडी सावरून, मला बोलायची पूर्ण संधी दिली. मी बोलले नाही.

“मी म्हटलं नव्हतं?” शेवटी त्यांनाच राहवेना.

“तुम्ही बैलाचं म्हणाला होतात.”

“बैलाचंही म्हटलं होतं.” त्यांनी कणगीभोवती अर्धी फेरी मारली, पूर्ण मारायला जागा नव्हती. मग आवाज खाली आणून म्हणाले, “म्हातारीला दोन दिवस उपाशी ठेव. कणगी आपोआप सैल होईल.”

“मोहापी,” कणगी म्हणाली, “मला ऐकू येतं.”

पाठोपाठ चर्चच्या गायनमंडळाच्या म्मे मालिसेबो आल्या. त्यांचं मत, भिंत फोडावी. मी त्याच सकाळी त्या भिंतीवर नक्षी पुरी केली होती, माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, “बरं, मग प्रार्थना करू.” कुणी म्हणालं, खांब काढा. खांब काढला तर छप्पर कुणावर बसेल, हे सगळ्यांना एकदम सुचलं आणि सगळे एक पाऊल मागे सरकले. गावाच्या टेकाडावर जिथे फोन लागतो तिथे धावत जाऊन मी लेबोनाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आईला विचारलंस का?”

खरं सांगायचं, तर तोवर मला हसूच येत होतं. मग ऊन कललं, आणि डोंगरावर राखाडी ढगांची एक पट्टी येऊन बसली. सकाळच्या वेळी अशी पट्टी दिसली तर पाऊस. संध्याकाळी दिसली तर बर्फ. सत्तरीच्या बाईला सारवलेल्या गार जमिनीवर, गवताच्या विहिरीत, रात्र काढायची होती. मी फटीतून घोंगड्या कोंबल्या, फडक्यात गुंडाळून गरम दगड सोडले. त्या शिव्या देत झोपी गेल्या. मी जागीच होते. एकदा त्सेबोच्या छातीला कान लावायचा, एकदा कणगीला.

सकाळी निर्णय झाला. खाली वाट नाही, बाजूला वाट नाही, उरलं वर. छप्पर उतरवायचं, बाईला काढायचं, छप्पर परत शाकारायचं. पण जुनं गवत उतरवताना अर्धं तरी चुरा होणार, म्हणजे नवं हवं. आणि नवं गवत डोंगराच्या राखीव उतारावर उभं होतं. मुखियाबाईंनी दवंडी पिटेपर्यंत त्या गवताला विळा लावायची कुणाची छाती नाही. तेव्हा मी त्सेबोला पाठीशी बांधला आणि गवत समितीचे चिटणीस न्ताते सेकोती यांच्याकडे गेले.

न्ताते सेकोती मफलर गुंडाळून बाहेर उन्हात बसले होते.

“छप्पर मोडलंय?”

“नाही. मोडायचंय.”

“मोडलेल्या छपराला मुदतीआधी गवत मिळतं. धडधाकट छपराला नाही.”

“मग आधी मोडून येऊ?”

“समितीच्या परवानगीशिवाय मोडलंत, तर ते मोडलेलं धरत नाहीत. ते पाडलेलं धरतात.” त्यांनी प्रेमाने त्सेबोचा गाल ओढला. “अर्ज कर. घर कुणाच्या नावावर?”

इथे मी अडले. घर माझ्या दिवंगत सासऱ्यांच्या नावावर, आणि सासऱ्यांचं नाव सून तोंडाने घेत नाही. पदवी घेतलेली सूनही घेत नाही. मी इथेसुद्धा लिहिलेलं नाही.

“तुम्हाला माहीत आहे, न्ताते. तुम्ही दोघांनी एकत्र मेंढ्या राखल्यात.”

“मला माहीत आहे. चिटणिसाला माहीत नाही.”

“ते… उंच होते. हसायला लागले की घोडा बुजायचा.”

“हां!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “काय माणूस होता! पण अर्जात ‘घोडा बुजायचा’ असं लिहिता येत नाही.” मग त्यांनी स्वतःच नाव लिहिलं, आणि मला म्हणाले, मी काही पाहिलेलं नाही, तूही नाही. फक्त घरातल्या वडीलधाऱ्या बाईची सही आण.

अर्जाचा मजकूर मी स्वतः तयार केला होता: ‘अडकलेल्या वृद्ध महिलेच्या सुटकेसाठी गवत मिळण्याबाबत.’ कागद आणि पेन फटीतून आत सोडले. बराच वेळ आत कागद कुरकुरत होता. बाहेर आला तेव्हा ‘वृद्ध’वर काट होती, ‘अडकलेल्या’वर दोन काटा, आणि ‘सुटके’वर इतकी जोरदार, की कागद फाटला होता. उरलेल्या मजकुराखाली त्यांची ऐटदार सही होती.

“मी अडकलेली नाही,” आतून खुलासा आला. “माझं काम चाललंय. घर अडकलंय.”

तो अर्ज न्ताते सेकोतींनी दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “समिती गुरुवारी बसते.” डोंगरावरची ढगांची पट्टी आता कमरेपर्यंत उतरली होती. मी काही बोलणार, एवढ्यात त्सेबो खोकला. ते मला म्हणाले, “तू इथे उभी कशाला? घरी जा. तिकडे लोक जमलेत.”

आणि खरंच जमले होते. मी इर्जिकीची, म्हणजे गावाने मिळून काम उरकायची, हाक दिली नव्हती, बिअर आंबवली नव्हती, शेळी कापली नव्हती. काहीच नसताना अंगण भरून गेलं होतं. ज्यांच्याशी आमचं बोलणं होतं तेही आले होते, नव्हतं तेही. म्मे मालिसेबोंनी सूर धरला. न्ताते मोहापी, जे गुडघ्याच्या नावाखाली वर्षानुवर्षं एकही जड वस्तू उचलत नाहीत, ते सर्वांच्या आधी छपराच्या शेंडीवर होते आणि तिथून इशारे देत होते. गवताच्या पेंढ्या वरून सुटत, हातोहात अंगणात येत, बायका चुरा बाजूला करून धड पेंढी रचत. पुरुष वाशांच्या गाठी सोडत होते. अर्ध्या तासापूर्वी ज्याला मी घर म्हणत होते, ते गाण्याच्या ठेक्यावर उलगडत चाललं होतं. मी त्सेबोला घट्ट धरून उभी राहिले. कोण पडेल, काय पडेल, कुणाच्या डोक्यात पडेल, हे सगळं माझ्या मनात घडून गेलं होतं, आणि प्रत्यक्षात काहीच पडत नव्हतं.

मग कणगीवरचा शेवटचा वासा निघाला.

आमच्या त्या गोल घरात ऊन कधीच आलं नव्हतं. दाराशी यायचं, उंबऱ्यावर बसायचं, परत जायचं. ते आता एकदम वरून आत उतरलं. धुराने काळ्या झालेल्या भिंती आतून काचेसारख्या चमकायला लागल्या. आणि मधे ती कणगी. अंधारात मला ती अडचण वाटत होती. उजेडात मी ती पहिल्यांदा धड पाहिली. सोन्याच्या रंगाची, वळीवर वळी, एक टाका दुसऱ्यापेक्षा तसूभर लांब नाही. जमिनीतून एखादं मोठं, शांत जनावर उठून उभं राहावं तशी. गाणं आपोआप थांबलं. छपरावरच्या पुरुषांनी टोप्या काढल्या. न्ताते मोहापींना एकही इशारा सुचला नाही.

त्या शांततेत कणगीच्या तोंडातून आधी एक हात आला, मग डोक्याचा रुमाल, मग सासूबाई खांद्यापर्यंत वर आल्या. उन्हाने त्यांनी डोळे बारीक केले. सगळं गाव खाली आणि त्या वर. मला वाटलं, त्या आता रडतील, निदान देवाचं नाव घेतील. त्यांनी एकदा डोंगराकडे पाहिलं, एकदा खळ्याकडे, आणि मग कुंपणापलीकडे.

“मोहापी,” त्या म्हणाल्या, “तुझ्या घरामागच्या ढिगातल्या गोवऱ्या माझ्या आहेत.”

अंगण हसून लोळत असतानाच मुखियाबाई घोड्यावरून आल्या. खोऱ्यात एका घरातून आभाळ दिसू लागलंय, हे त्यांना बसल्या जागेवरून दिसलं होतं. मागे धापा टाकत न्ताते सेकोती, खिशात तो अर्ज. मुखियाबाई घोड्यावरून उतरल्या नाहीत; त्यांना भिंतीवरून आत दिसत होतं. त्यांनी कणगी पाहिली आणि खूप वेळ पाहतच राहिल्या.

“हे कुणी विणलं?”

“मी,” सासूबाई अजून तोंडातच उभ्या होत्या.

“तुम्ही आत काय करताय?”

“बाहेर यायची घाई नव्हती.”

मुखियाबाईंनी तिथल्या तिथे राखीव उतार सगळ्या गावासाठी खुला केला. मग छप्पर विनापरवाना उतरवल्याबद्दल आम्हाला एक कोंबडी दंड केला, कारण नियम तो नियम. आणि जाताना, तशीच एक कणगी त्यांनाही हवी आहे, असं न्ताते सेकोतींकरवी कळवलं.

सासूबाईंना चौघांनी घोंगडीच्या झोळीत घालून उतरवलं. जमिनीला पाय लागल्यावर मात्र त्या क्षणभर डुलल्या, आणि त्यांनी माझा दंड पकडला. बोटं बर्फासारखी गार होती. रात्रभर मला शिव्या देणाऱ्या बाईची ती बोटं होती. आत असताना एकदाही त्या “थंडी वाजते” असं म्हणाल्या नव्हत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी हात सोडवून घेतला आणि खळ्यावरची कणसं अजून मळली का नाहीत, म्हणून ओरडल्या. छप्पर उघडंच होतं, माणसं वर होतीच. मळणी गाण्यावरच उरकली आणि ज्वारी थेट आभाळातून ओतल्यासारखी भिंतीवरून कणगीत ओतली गेली. तांबूस धार, वर धुळीचा सोनेरी धूर. त्सेबो टाळ्या वाजवत होता. नवं गवत आलं, घर शाकारून झालं, आणि शेवटची पेंढी बांधत असताना भुरभुर बर्फ सुरू झालं.

“आता ही ज्वारी काढायची कशी?” न्ताते मोहापींनी वरून विचारलं.

सगळ्यांनी त्यांना खाली उतरायला सांगितलं.

आम्ही आता शेजारच्या पत्र्याच्या खोलीत झोपतो आणि गोल घरात कणगी राहते. लोक घोंगड्या पांघरून तिला पाहायला येतात, दारात टोपी काढतात, कुजबुजत बोलतात. आणि इथेच माझी खरी पंचाईत झाली. गेल्या आठवड्यात खिंडीपलीकडच्या वाडीतल्या दोन बायका घोडे घेऊन आल्या आणि सासूबाईंना कणगी विणायला घेऊन गेल्या. मी फाटकापर्यंत मागे धावले. उघड्यावर विणा, म्हटलं. त्या हसल्या. आमच्याकडे वारा फार आहे, म्हणाल्या, पण काळजी करू नका, घर मोठं आहे. तिथे फोन लागत नाही. परवापासून खिंडीत बर्फ आहे. टेकाडावरून लेबोनाला सांगितलं, तर तो म्हणाला, आईला काही होत नाही. त्याने त्यांची बोटं धरलेली नाहीत.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी लोकर विकायला, लग्नाला, कशालाही त्या बाजूने जाणार असेल, तर कृपा करून वाडीच्या टोकाच्या गोल घरात जाऊन या. दारातून विचारू नका. दारात सगळे ‘ठीक आहे’ म्हणतात. आत जा, आणि म्मे मालेबोनांना मोठ्याने हाक मारा. सुनेने पाठवलंय, असं सांगितलंत तर त्या तुम्हाला हाकलून देतील. हाकलून दिलं, तर मला सवडीने येऊन सांगा.

नाही दिलं, तर धावत या.